संघपाल ढोकेच्या नावावर

“ये तो किसी आदमी का फोटो है.”

दारातल्या बाईंनी फोन हातभर लांब धरून त्यावरचा चेहरा पाहिला आणि मग उन्नतीकडे पाहिलं. सत्तरीच्या असाव्यात. पायात घरातल्या सपाता, खांद्यावर ओला नॅपकिन. उन्नतीने दोन्ही पिशव्या उंबऱ्यापाशी ठेवल्या. फरीदाबादच्या एनआयटी भागातल्या त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तीन मजले चढून तिला धाप लागली होती आणि हेल्मेटच्या आतून घाम कानांमागे ओघळत होता. जूनमधला रविवार, दुपारचा एक.

“जी, सामान चेक कर लीजिए,” ती म्हणाली. गेले चार दिवस या प्रश्नाला ती हेच उत्तर देत होती. तसं फारसं कुणी विचारतही नसे. लोक पिशवी घेत आणि दार लावून टाकत.

तेवढ्यात तिच्या खिशातला फोन वाजला. हा तिचा स्वतःचा. ज्याच्यावर ऑर्डरी येत तो नवऱ्याचा फोन गळ्यात लटकत होता. सासऱ्यांचा कॉल होता, घेणं भाग होतं.

“हां बाबा. दुखतंय का अजून त्यांना? इंजेक्शन दिलं ना, मग झोपू द्या. माझ्या चौदा राहिल्यात. होतील संध्याकाळपर्यंत.”

तिने फोन ठेवला तेव्हा बाईंचा आवाज बदलला होता. “मराठी आहेस होय? मग आत ये. पंख्याखाली उभी राहा जरा, पाणी आणते.”

पाणी नको म्हणायचं तिच्या मनात होतं, पण घसा कोरडा पडला होता. बाईंचं नाव अरुणा सबनीस. पस्तीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या कारखान्याच्या नोकरीमुळे इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. उन्नती उभ्यानेच दोन पेले पाणी प्यायली.

“संघपाल ढोके म्हणजे कोण?”

“माझे मिस्टर. दवाखान्यात आहेत. उद्या ऑपरेशन आहे.”

“मग तू त्यांच्या नावावर गाडी चालवतेस?”

उन्नतीने रिकामा पेला टेबलावर ठेवला.

“हे बघ, तुझ्या भल्यासाठी सांगते,” अरुणाबाई म्हणाल्या. “आत्ता खाली उतरलीस आणि एखाद्या टेम्पोने उडवलं, तर तू कोण? कंपनीच्या लेखी गाडीवर तुझा नवरा होता. तुला कुणी पाच पैसे देणार नाही. उलट त्याच्यावर केस करतील.”

“माहीत आहे, काकू.”

अरुणाबाईंच्या हातातला फोन टिंग करून वाजला. त्यांनी चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचलं, “क्या आपका डिलिव्हरी पार्टनर यही फोटोवाला व्यक्ति था? हाँ. नहीं.” त्यांनी मान वर केली. “आता मी इथे काय दाबू?”

उन्नतीच्या गळ्यातल्या फोनवर पुढची ऑर्डर वाजायला लागली होती. ती तीस सेकंदांत घ्यावी लागे.

“तुम्हाला योग्य वाटेल ते दाबा,” ती म्हणाली, ऑर्डरवर बोट ठेवलं आणि जिना उतरली.

संघपाल चाळीस वर्षांचा होता. आधी एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लेथवर होता. कारखाना राजस्थानात हलला तेव्हा त्याने उन्नतीची स्कूटी घेतली आणि डिलिव्हरीला लागला, दुसरं काही मिळेपर्यंत म्हणून. त्याला सहा वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी कंपनीने एक योजना आणली. जो पार्टनर ‘गोल्ड’ असेल त्याला आठवड्याला ठरावीक कमाईची हमी, ऑर्डरी कमी आल्या तर उरलेले पैसे कंपनी भरणार. शिवाय घरातल्या सगळ्यांचा तीन लाखांचा आरोग्य विमा. अट एवढीच की सोमवार ते रविवार पन्नास तास फोन चालू हवा आणि एकशे दहा ऑर्डरी पोचवलेल्या हव्यात. एक आठवडा चुकला की सोमवारी सकाळी गोल्ड जायचं आणि त्याच दिवसापासून विमाही बंद.

त्या दीड वर्षात संघपालचा एकही आठवडा चुकला नव्हता. अंगात ताप असताना तो गेला होता. मेहुण्याच्या लग्नातून जेवण अर्धं टाकून गेला होता. गेल्या मंगळवारी बाटा चौकात स्कूटी कडेला लावून तो ओकायला बसला आणि तिथून त्याला उठता येईना. पित्ताशयात खडे होते, त्यातला एक नळीत अडकला होता. कावीळ वाढलेली. डॉक्टर म्हणाले, इन्फेक्शन थोडं आटोक्यात आलं की सोमवारी ऑपरेशन.

रुग्णालयात विम्याच्या खिडकीवरच्या मुलीने नीट समजावून सांगितलं होतं. “सोमवार को ऑपरेशन से पहले फाइनल अप्रूवल आएगा, मैडम. उस दिन पॉलिसी चालू होनी चाहिए. बंद मिली तो पूरा आपको भरना पड़ेगा.”

ही कल्पना संघपालचीच. मंगळवारी रात्रभर तो उशाशी फोन घेऊन पडला होता. सकाळी म्हणाला, “तू चालव ना. स्कूटी तर तुझीच आहे. शाळेला सुट्टीच आहे तुझ्या.”

उन्नती एका छोट्या खासगी शाळेत नर्सरीच्या वर्गाला शिकवायची. सुट्टीतल्या दोन महिन्यांचा पगार नसे. मुलगी अक्षया आजोळी पहाडगंजला गेली होती. तेव्हा अडचण अशी काही नव्हती, फक्त सासऱ्यांना हे पटलं नाही.

दादाराव केंद्र सरकारच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. वर्ध्याहून वयाच्या बाविसाव्या वर्षी दिल्लीला आलेला माणूस, आपल्या घराण्यातला पहिला पगारदार. त्यांच्या सरकारी दवाखान्याच्या कार्डावर संघपालचं नाव एके काळी होतं. मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा ते नियमाप्रमाणे कमी झालं.

“चौतीस वर्षं नोकरी केली,” ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले होते. “सोबतच्या माणसांनी हातापाया पडून सांगितलं, तरी दुसऱ्याच्या नावापुढे कधी हजेरी लावली नाही. आणि घरची सून दुसऱ्याच्या नावावर काम करणार?”

“दुसऱ्याच्या कुठे, माझ्याच नावावर,” संघपाल म्हणाला. मग धाप आवरून, “बाबा, तुमच्या नोकरीत आजारी पडलं की रजा मिळायची.”

त्या दिवसापासून दादाराव सकाळी डबा घेऊन दवाखान्यात येत, दिवसभर मुलाजवळ बसत. आज किती झाल्या, हे मात्र त्यांनी उन्नतीला एकदाही विचारलं नाही.

सकाळी फोन चालू करताना अ‍ॅप फोटो मागे. फोटोचा फोटो काढून भागत नसे. डोळे मिटा, मान डावीकडे वळवा, असं सांगे. म्हणून उन्नती रोज सातला वॉर्डात जायची, संघपाल पडल्या पडल्या फोनकडे पाहायचा आणि मग ती निघायची. पहिले चार दिवस फोटो लगेच जुळला. आज सकाळी चौथ्या वेळेला जुळला होता.

अरुणाबाईंकडून निघून तिने चार ऑर्डरी पोचवल्या. रस्ते ओस होते. डांबर मऊ झालं होतं आणि चौकात थांबलं की पायाला खालून चटके बसत. राहिल्या दहा. कंपनीच्या दुकानातून तिने पाचव्या ऑर्डरीची पिशवी घेतली, बर्फ, कोल्ड्रिंक, दोन ब्रिक आइस्क्रीम. पिशवी पाठीवरच्या खोक्यात ठेवताना गळ्यातला फोन वेगळ्याच आवाजात वाजला.

तिने वाचलं. ओळख पडताळणी. वीस मिनिटांत आपला फोटो काढा. अन्यथा आयडी बंद करण्यात येईल.

दुपारी असं कधी आलं नव्हतं. अरुणाबाईंनी काय दाबलं असेल, एवढंच तिच्या मनात आलं आणि तेही टिकलं नाही, कारण मिनिटांचे आकडे उलटे धावायला लागले होते. रुग्णालय रेल्वेलाइनच्या पलीकडे, नीलम पुलावरून खाली उतरून सेक्टर सोळात. आइस्क्रीम मागवणारा माणूस अलीकडे, दोन गल्ल्यांवर. आधी त्याला द्यावं तर पाच मिनिटं जातील. तिने स्कूटी वळवली.

पुलाच्या चढावर एक ट्रॅक्टर-ट्रॉली विटा घेऊन रांगत होती. उजवीकडून जायला जागा नव्हती. ती डावीकडून कठड्याला लागून घुसली आणि ट्रॉलीच्या फाळक्याने आरसा उडवला. हँडल हातात थरथरलं, स्कूटी कठड्याला घासली आणि पुढे निघाली. तिच्या गुडघ्याला काहीतरी लागलं होतं, पण ते बघायला ती थांबली नाही. अरुणाबाई म्हणाल्या ते तिला आत्ता ऐकू आल्यासारखं झालं. तिने ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

खोक्यातल्या ऑर्डरवाल्याचे फोन येत होते. दुसऱ्यांदा तिने उचलला. “भैया, मैप में आप उल्टी तरफ जा रहे हो.”

“दस मिनट, सर,” ती म्हणाली आणि फोन कापला.

दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात पोचली तेव्हा आठ मिनिटं राहिली होती. दादाराव स्टुलावर बसून वर्तमानपत्राने मुलाला वारा घालत होते. संघपाल इंजेक्शनच्या गुंगीत होता. चेहरा हळद फासल्यासारखा, गाल आत गेलेले आणि पाच दिवसांची दाढी, त्यात पांढरीच जास्त.

“फोटो मागितलाय,” ती म्हणाली. “आत्ता. बाबा, त्यांना उठवा.”

दादारावांनी तिच्या गुडघ्यावरचं रक्त पाहिलं. रुमाल पाण्यात बुडवून मुलाच्या डोळ्यांवर फिरवला. “संघपाल. ए संघपाल. बेटा, डोळे उघड.”

त्याने डोळे उघडले. तिने त्याच्या पाठीखाली हात घालून त्याला उठवलं, फोन समोर धरला. अ‍ॅपने चेहऱ्याभोवती गोल काढला, थांबलं. चेहरा मेल नहीं खाता. पुन्हा. मेल नहीं खाता. तिसऱ्या वेळी खाली ओळ आली, केवल दो प्रयास शेष.

उन्नतीने फोन खाली केला.

“दाढीमुळे होतंय,” संघपाल डोळे मिटूनच म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती. “जाऊ दे उन्नती. बस झालं.”

उद्याच्या ऑपरेशनसाठी आणायच्या सामानाची यादी सिस्टरने सकाळीच दिली होती. कापूस, हातमोजे, टाके, रेझर. ती पिशवी कॉटखाली होती. उन्नतीने ती ओढून उपडी केली. रेझरचं वेष्टन तिला फाडता येईना. दादारावांनी ते तिच्या हातातून घेतलं.

“दे इकडे. तू कापशील त्याला.”

त्यांनी वेष्टन दातांनी तोडलं. हात धुवायचा साबण पेल्यातल्या पाण्यात घोळवून दोन्ही तळव्यांनी फेस केला आणि मुलाच्या गालांना लावला. डाव्या हाताने त्याची हनुवटी वर धरली आणि रेझर कानापाशी टेकवला. त्र्याहत्तर वर्षांचा हात होता, पण हलला नाही. उन्नती मिनिटं मोजत होती. पाच. चार. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाबा, लवकर करा, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिला तोंड उघडवलं नाही. ते ओठ घट्ट मिटून, नाकाच्या खालची नाजूक जागा आधी बोटाने ताणून, मग हलकेच रेझर फिरवत होते. संघपालच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते फेसात मिसळलं. दादारावांनी तेही रुमालाने टिपलं.

सिस्टर दारातून ओरडली, “अरे, ये क्या हो रहा है? शेव कल सुबह करना है, वो भी पेट का, मुँह का नहीं.”

“दो मिनट, सिस्टर,” दादाराव मान न वळवता म्हणाले. “मेरा लड़का है.”

सिस्टर जागीच थांबली.

दादारावांनी चेहरा पुसला, त्याचे केस बोटांनी मागे सारले आणि सलाइनचा स्टँड पाठीमागून बाजूला ढकलला. जेवढी नळी होती तेवढाच तो सरकला.

“आता माझ्याकडे नको बघू, तिकडे बघ,” ते मुलाला म्हणाले. “डोळे मिट म्हटलं की मिट.”

उन्नतीने फोन दोन्ही हातांनी धरला. गोल आला. डोळे मिटले, उघडले. मान डावीकडे. अ‍ॅप थांबलं. खूप वेळ थांबलं, असं तिला वाटलं. मग हिरवी खूण आली. धन्यवाद, संघपाल.

तिने फोन गळ्यात अडकवला. कॉटपाशी उभं राहायलाही वेळ नव्हता. ती दारापर्यंत गेली तेव्हा मागून दादारावांनी विचारलं, “किती राहिल्या?”

“दहा.”

“गुडघा धुऊन घे खाली. आणि सावकाश जा.”

आइस्क्रीम वितळून पिशवीत सांडलं होतं. तो माणूस पाच मिनिटं बोलला, ती ऐकून घेत राहिली आणि त्याने शेवटी ऑर्डर घेतली. ऊन कलल्यावर ऑर्डरी वाढल्या. साडेसातला एकशे दहावी झाली. तरी तिने आणखी दोन केल्या. अ‍ॅपने मोजण्यात चूक केली तर, अशी तिला धास्ती होती.

सोमवारी अकराच्या सुमारास विम्याची मंजुरी आली आणि एक वाजता संघपालला आत नेलं. पित्ताशय काढलं. खडे एका लहान बाटलीत घालून दाखवले. सहाव्या दिवशी तो घरी आला, बिल विम्याने भरलं, आणि त्या आठवड्यापुरतं तरी सगळं निभावलं असं सगळ्यांना वाटलं.

पुढच्या गुरुवारी मेसेज आला. आपल्या आयडीचा वापर अन्य व्यक्तीने केल्याचे आढळले आहे, आयडी कायमस्वरूपी बंद करण्यात येत आहे. हे कुठून कळलं, ते त्यात नव्हतं. कदाचित फोटोत मागची सलाइनची बाटली दिसली असेल. कदाचित अरुणाबाईंनी ‘नहीं’ दाबलं असेल. त्या बाईंनी काय केलं हे उन्नतीला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि नंतर नंतर तिला त्यांचा राग आला नाही. त्या खोटं काही बोलल्या नव्हत्या.

संघपालने तीन दिवस कंपनीला फोन लावले. प्रत्येक वेळी एक यंत्र त्याला अंक दाबायला सांगे. शेवटी तो पोटाला पट्टा बांधून रिक्षाने कंपनीच्या दुकानावर गेला. तिथला सुपरवायझर त्याला सहा वर्षं ओळखत होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, “भाई, ऊपर से है. मेरे हाथ में होता तो…” त्याने वाक्य सोडून दिलं. परत येऊन संघपालने अ‍ॅप उघडून पाहिलं. एरवी तिथे एकूण डिलिव्हरींचा आकडा दिसे, तेवीस हजारांच्या पुढचा. आता लॉगिनचं रिकामं पान होतं.

“त्या रविवारी किती झाल्या होत्या गं?” त्याने विचारलं.

“आठवड्याच्या मिळून एकशे बारा.”

“दोन जास्त केल्यास.”

“हो.”

त्याने फोन उपडा ठेवला. “एकशे दहाच्या वर मला पण कधी कधी नाही जमायच्या,” तो म्हणाला.

दोन महिने वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जुलैत शाळा सुरू झाली. उन्नतीने मुख्याध्यापिकेला भेटून राजीनामा दिला. शाळेचा महिन्याचा पगार डिलिव्हरीच्या दोन आठवड्यांत निघत होता, त्यामुळे विचार करण्यासारखं फार नव्हतं. नर्सरीच्या वर्गात तिने भिंतीवर चिकटवलेली फळं आणि पक्षी होते, ते तिने तसेच राहू दिले.

तिने स्वतःच्या नावाने नोंदणी केली. अटींची बावीस पानं दादारावांनी छापून आणली आणि दोन संध्याकाळ पेन्सिल घेऊन वाचली. कमाईची हमी आणि विमा नव्वद दिवसांनंतर लागू होणार होता, तेही गोल्ड मिळालं तर. तोवर काहीच नाही.

“नव्वद दिवस,” दादाराव म्हणाले. त्यांनी त्या ओळीखाली रेघ मारली आणि कागद नीट लावून तिच्या हातात दिले. “नाव बरोबर लिहिलंय. उन्नती संघपाल ढोके. तेवढं मी तपासलं.”

पहिल्या दिवशी ती सकाळी साडेसहाला निघाली. संघपालने आदल्या संध्याकाळी स्कूटीला नवा आरसा बसवला होता. पाण्याची बाटली हुकाला अडकवून त्याने चाकातली हवा अंगठ्याने दाबून पाहिली. सवयीने खोकं उचलायला गेला, तेव्हा तिने ते त्याच्या आधी उचललं आणि पाठीला लावलं. स्कूटी गल्लीच्या टोकाला वळली तरी तो फाटकाशी उभाच होता.

समोर कडुनिंबाखाली इस्त्रीवाला कोळसे फुलवत होता. त्याने वर पाहिलं. “क्यों भाई, आज ड्यूटी नहीं गए?”

संघपालने फाटक लोटून घेतलं.

“ड्यूटी है,” तो म्हणाला. “मेरी मिसेज़ गई हैं.”

इस्त्रीवाल्याने मान हलवली. मग बाकावरचा कपड्यांचा गठ्ठा उचलून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि त्याला बसायला जागा करून दिली.